देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं?

सकाळी मोबाईल हातात घेतला की एक तरी वचन समोर येतं. मागे सूर्योदयाचा फोटो, त्यावर छान अक्षरात बायबलमधली एक ओळ, खाली जोडलेले हात. आपण वाचतो, 'आमेन' लिहितो, दोन ग्रुपवर पुढे पाठवतो आणि डबे भरायला लागतो. दुपारी कोणी विचारलं की सकाळचं वचन कोणतं होतं, तर आठवत नाही.

यात वाईट काहीच नाही. पण एखाद्या दिवशी नोकरी जाते, डॉक्टरांचा रिपोर्ट चांगला येत नाही किंवा मुलाचा निकाल लागल्यावर घरात कोणी कोणाशी बोलत नाही. त्या दिवशी शेजारी, नातेवाईक, मंडळीतले लोक सगळे एकच सांगतात, "देवावर भरवसा ठेवा." आणि तेव्हा मनात प्रश्न येतो, ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? हात जोडून बसायचं? रडायचं नाही? उद्याचा विचारच करायचा नाही?

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या अगदी जवळच्या रेल्वेमार्गावर सापडतं. आम्ही गुढियारीत राहणारे लोक रायपूर स्टेशनच्या शेजारचे. नागपूरहून येणारी गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करत इथे पोहोचते. याच मार्गावर 1893 साली एका मराठी कवीच्या हातात एक पुस्तक आलं आणि त्याचं सगळं आयुष्य बदललं. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक.

गाडीत मिळालेलं पुस्तक

टिळकांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृतचे अभ्यासक, उत्तम वक्ते आणि मनानं कायम अस्वस्थ. देव कसा आहे, माणसामाणसांत भेद का आहे, देशाचं भलं कशानं होईल, हे प्रश्न त्यांना सोडत नव्हते. 1893 मध्ये राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी ते नागपूरहून गाडीनं निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं सुरू झालं आणि धर्मापर्यंत गेलं. उतरण्याआधी त्या गृहस्थांनी टिळकांना नवा करार भेट दिला आणि सांगितलं की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल.

टिळकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं, म्हणून वाचायला घेतलं. वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांपाशी आले. यालाच आपण डोंगरावरील प्रवचन म्हणतो. तिथे ते थांबले. ज्या प्रश्नांची उत्तरं ते वर्षानुवर्षं शोधत होते, ती त्यांना इथे भेटली.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षं अजून पूर्ण व्हायची होती. पुस्तक देणारे ते गृहस्थ कोण होते, हे मात्र टिळकांना कधीच कळलं नाही.

गोष्ट इथे संपवली तर ती छान वाटते. पण भरवशाची खरी परीक्षा इथून पुढे सुरू झाली.

भरवशाची किंमत घरच्यांनीही मोजली

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. लहानपणीच लग्न झालेलं, कडक सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवऱ्यानं धर्म बदलल्याची बातमी आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं. पदरात लहान मुलगा दत्तू. पुढची चार-पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. हे सगळं लक्ष्मीबाईंनी स्वतः 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. घरात असेल तर जरूर वाचा, आणि नसेल तर मिळवा.

विचार करा, टिळकांकडे तेव्हा काय होतं? नातेवाईक दुरावले, जातीनं बाहेर काढलं, बायको-मूल जवळ नाही. हातात होती ती फक्त वचनं. वाचलेलं खरं मानून चालत राहणं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

आणि लक्ष्मीबाईंकडे काय होतं? त्यांनी तर हा रस्ता निवडलाही नव्हता. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपला स्वयंपाक, आपलं पाणी त्यांनी वेगळंच ठेवलं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. मग एक दिवस त्यांनी स्वतःच्या मनाशी विचार केला की जाती देवानं केल्या की माणसांनी? उत्तर मिळालं आणि त्यांनी शिवाशीव सोडली. त्यानंतर काही काळानं स्वतःच्या इच्छेनं बाप्तिस्मा घेतला.

आपल्या घरांसाठी यात मोठा धडा आहे. आपल्याला एखादं वचन भिडलं म्हणजे घरातल्या प्रत्येकाला त्याच दिवशी भिडेल असं नाही. नवऱ्याला, बायकोला, तरुण मुलांना वेळ लागतो. देवावर भरवसा ठेवणारा माणूस हा वेळ देऊ शकतो. जो रोज जेवणाच्या ताटावर उपदेश करतो, त्याचा भरवसा देवापेक्षा स्वतःच्या आवाजावर जास्त असतो.

पाखरं आणि पिठाचा डबा

डोंगरावरील प्रवचनात येशू एक फार साधी गोष्ट सांगतो (मत्तय 6:25-34). आकाशातली पाखरं बघा, ती पेरत नाहीत, कोठार भरत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं. रानातली फुलं बघा, त्यांचं वस्त्र राजापेक्षा सुंदर. मग तुम्ही उद्याची काळजी का करता?

हे ऐकायला गोड आहे. पण घर चालवणाऱ्या बाईला विचारा. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर कोणी गरजू दिसला की देऊन मोकळे. डबा रिकामा आहे हे लक्ष्मीबाईंना दिसायचं, टिळकांना नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी याबद्दल नवऱ्याची भरपूर थट्टा केली आहे आणि रागही लपवलेला नाही. तरीही याच घरात कितीतरी निराधार मुलं वाढली. बालकवी ठोंबरे यांच्यासारखा कवीही या घरात मुलासारखा राहिला.

म्हणून हे वचन नीट वाचायला हवं. येशू 'काम करू नका' असं म्हणत नाही. पाखरू घरट्यात बसून राहत नाही, पहाट झाली की दाणे शोधायला निघतं. ते फक्त उद्याच्या दाण्याची भीती आज बाळगत नाही. कष्ट करणं आणि काळजी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कष्टानं डबा भरतो. काळजीनं फक्त झोप जाते.

तसंच आजाराचं. देवावर भरवसा आहे म्हणून औषध बंद करणं, तपासणी टाळणं, हे कुठल्याही वचनात सांगितलेलं नाही. प्रार्थना करा आणि डॉक्टरांकडेही जा. ज्यांनी ही शुभवर्तमानं लिहिली त्यांच्यातल्या लूकला तर बायबलच 'वैद्य' म्हणतं.

केडगावची रमाबाई

भरवसा म्हणजे हात बांधून बसणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पंडिता रमाबाईंकडे बघावं. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. अन्नाविना माणूस कसा जातो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपलं रायपूरही तेव्हा मध्य प्रांतातच होतं. रमाबाई स्वतः या प्रांतातल्या दुष्काळी भागात आल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना बरोबर घेऊन गेल्या. पुण्याजवळच्या केडगावला त्यांच्या राहण्या-जेवणाची, शिक्षणाची सोय केली. तेच मुक्ती मिशन, आजही चालू आहे. इतक्या लोकांच्या जेवणाचे पैसे कुठून येणार, याचा हिशेब आधी जुळवून मग त्या निघाल्या नव्हत्या. पण पोहोचल्यावर विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम, छपाई अशी कामं शिकवली.

त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. कमी शिकलेल्या बाईलाही वाचून कळावं, हा हेतू. 1922 साली त्या गेल्या तोपर्यंत हे काम चालू होतं. 1924 मध्ये ते संपूर्ण बायबल केडगावच्याच छापखान्यातून बाहेर आलं. पोटाला भाकर आणि हातात वचन, दोन्ही एकाच अंगणातून.

वचन अर्धं वाचू नका

आता आपल्या स्टेटसकडे येऊ. सगळ्यात जास्त फिरणारं वचन बहुतेक यिर्मया 29:11 असेल. देवाच्या मनात आपल्यासाठी चांगले बेत आहेत, आशा आहे, भविष्य आहे, असा त्याचा आशय. परीक्षेच्या आदल्या दिवशी, इंटरव्ह्यूच्या सकाळी आपण तेच पाठवतो.

पण एक ओळ वर जाऊन दहावं वचन वाचा. हे पत्र बाबेलमध्ये कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे आणि त्यात सांगितलंय की सुटकेला सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण ती सुटका बघायला जिवंतही राहणार नव्हते. मग तोवर काय करायचं? तेही पाचव्या ते सातव्या वचनात आहे. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या शहरात येऊन पडलात त्या शहराचं भलं मागा.

गाव सोडून दुसऱ्या मुलखात संसार थाटलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना हे जास्त कळेल. चांगले बेत म्हणजे उद्याच निकाल असं नसतं. कधी कधी ते आजच्या जागी बाग लावण्यातून सुरू होतात.

असंच फिलिप्पै 4:13 चं. ख्रिस्ताच्या बळानं मी सगळं करू शकतो, हे आपण जिममध्ये आणि क्रिकेटच्या मॅचआधी वापरतो. पौलानं ते कैदेत असताना लिहिलं. त्याच्या आधीच्या दोन वचनांत तो सांगतो की पोट भरलेलं असो की उपाशी, दोन्हीत समाधानानं राहायला मी शिकलो. 'शिकलो' हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे हे त्यालाही एका दिवसात जमलं नव्हतं.

या आठवड्यात एवढं करून बघा

सोमवारपासून एकच वचन घ्या, सात नको. आणि ते पाठवण्याआधी जगून बघा.

1. मागचं-पुढचं वाचा. वचनाच्या वरच्या आणि खालच्या पाच ओळी वाचल्याशिवाय ते शेअर करायचं नाही, असा नियम करा.

2. मत्तय 5:23-24 घ्या. वेदीवर अर्पण ठेवताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर आधी जाऊन समेट करा, असा त्याचा अर्थ. ज्या नातेवाइकाशी दोन वर्षं बोलणं नाही, त्याला रविवारच्या उपासनेआधी फोन करा. पहिलं वाक्य साधं असू द्या, "कसे आहात?"

3. मत्तय 6:34 घ्या. रात्री झोपण्याआधी कागदावर दोन रकाने करा. एकात उद्या करायची कामं, दुसऱ्यात नुसत्या काळज्या. पहिला रकाना उशाशी ठेवा. दुसरा प्रार्थनेत वाचा आणि कागद फाडून टाका.

4. मुलांसाठी मत्तय 7:12. दुसऱ्यांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण वागायचं. शाळेतून आल्यावर विचारा, "आज कोणासाठी काय केलंस?" मार्क नंतर विचारा.

5. घरातल्या आजी-आजोबांना त्यांचं आवडतं वचन विचारा आणि ते त्यांना कधी उपयोगी पडलं, हेही विचारा. ही गोष्ट कुठल्याच ॲपवर मिळणार नाही.

पाऊस दोन्ही घरांवर पडतो

डोंगरावरील प्रवचनाचा शेवट दोन घरांच्या गोष्टीनं होतो. एकानं खडकावर घर बांधलं, दुसऱ्यानं वाळूवर. पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर सारखाच आला. देवावर विश्वास ठेवणाऱ्याच्या घरावर पाऊस पडणार नाही, असं येशूनं कधीच सांगितलं नाही. फरक एवढाच की एकानं वचन ऐकून तसं केलं, दुसऱ्यानं फक्त ऐकलं.

टिळकांच्या घरावरही पाऊस पडलाच. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, जिथे बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा होती. 9 मे 1919 रोजी ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. एके काळी ज्या बातमीनं त्या कोसळल्या होत्या, त्याच ख्रिस्ताच्या चरित्राचे बहुतेक अध्याय त्यांनी लिहिले. टिळकांनी तिला लिहा-वाचायला शिकवलं होतं, एवढंच तिचं शिक्षण.

तुमच्या घरावर आज कोणता पाऊस पडतोय, ते तुम्हालाच ठाऊक. आज रात्री मोबाईल चार्जिंगला लावून मत्तयाचा सहावा अध्याय मोठ्यानं वाचा, घरातले जे जागे असतील त्यांना ऐकू जाईल असा. पाच-सात मिनिटं लागतील. मग त्यातली एकच गोष्ट निवडा आणि उद्या करा. भरवसा असाच वाढतो, एका वेळी एक वचन, एका वेळी एक दिवस.