फायबरच्या बोटीतील कुजलेले लाकूड

पंचगंगेची पातळी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोळ तालुक्यातील कृष्णा-पंचगंगेकाठची गावे कित्येक दिवस वेढलेली राहिली. गुळाच्या काहिलीत बसवून माणसे पलीकडे नेण्याची युक्ती या भागाला जुनीच. पण आता भिस्त असते ती फायबरच्या किंवा रबरी बोटींवर. फायबरच्या बोटीला पुराचे काम वर्षातून मोजकेच दिवस असते. उरलेले महिने ती एखाद्या आवारात किंवा घाटावर उघड्यावर पडून असते. फायबर कुजत नाही, हा समज खरा आहे. मात्र जुन्या बोटीत फायबरच्या आत लाकूड असते, आणि ते कुजते.

बोटीचा सांगाडा

काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे थर साच्यात बसवून बोटीचे कवच तयार होते. हे कवच मजबूत असले तरी लवचीक असते. त्याला ताठपणा येतो तो तळाला लांबीच्या दिशेने चिकटवलेल्या वाशांमुळे, म्हणजे स्ट्रिंगरमुळे. त्यांवर प्लायवूडचे फ्लोअर बसते आणि मागे इंजिन पेलणारी जाड उभी भिंत असते, तिला ट्रान्सम म्हणतात. हे तिन्ही भाग मिळून एकच पेटी बनते. लाटेचा किंवा इंजिनाचा धक्का ट्रान्सममधून स्ट्रिंगरकडे आणि तिथून साऱ्या तळावर पसरतो. वाशाची उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. म्हणून स्ट्रिंगर रुंद नसतात, उंच असतात.

कूज कशी लागते

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा, हवा आणि ऊब या तिन्हींची गरज असते. लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. कायम पाण्याखाली असलेल्या लाकडालाही ती फारशी लागत नाही, कारण तिथे हवा पुरत नाही. सर्वांत वाईट अवस्था अधूनमधून भिजणाऱ्या आणि कधीच पुरते न वाळणाऱ्या लाकडाची. पडून असलेल्या बोटीची नेमकी हीच अवस्था असते. पाणी काचतंतूंच्या थरातून आत झिरपते असे नाही. ते शिरते आसनाच्या स्क्रूच्या भोकातून, इंजिनाच्या बोल्टभोवतून, फ्लोअरच्या न लिंपलेल्या कडेतून. असा एखादा स्क्रू काढला की भोकातून तपकिरी पाणी येते आणि पाठोपाठ भिजलेल्या चहापत्तीसारखा लाकडाचा चुरा. त्या एका भोकाने भोवतालचे हातभर प्लायवूड संपवलेले असते, तरी वरचा रंग शाबूत दिसतो.

तपासणी

पायाखाली दबणारे फ्लोअर हे उशिरा दिसणारे लक्षण आहे. लहान हातोडीने ठोकत गेल्यास धडधाकट भाग टणक वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. शंकेच्या जागी बारीक भोक पाडून बाहेर येणारा भुसा पाहावा: फिकट आणि कोरडा असेल तर लाकूड ठीक, काळसर आणि ओला असेल तर नाही. ट्रान्समसाठी इंजिनाचा खालचा भाग वर-खाली हलवला जातो. इंजिनाबरोबर भिंतही लवत असेल तर आतले लाकूड गेले आहे. फ्लोअर कुजले असता स्ट्रिंगर चांगले निघण्याची आशा फार धरू नये. वरून झिरपलेले पाणी शेवटी त्यांच्याच बुडाशी साचते.

उघडण्याची शिस्त

फ्लोअर आणि स्ट्रिंगर एकदम काढले तर कवच स्वतःच्या वजनाने पसरते आणि नवे वासे त्या बिघडलेल्या आकारातच कायमचे बसतात. म्हणून तळाला अनेक ठिकाणी आधार देणारी घोडी आधी तयार करावी लागते. फ्लोअर कापताना कडेला दोन इंचांची पट्टी ठेवतात, म्हणजे नव्या फ्लोअरची पातळी कळते. स्ट्रिंगर एकाआड एक बदलणे सुरक्षित. प्रत्येकाची उंची आणि तळाचा बाक पुठ्ठ्यावर उतरवून घेतला जातो. त्यानंतर ग्राइंडरने जुना रंग, सैल थर आणि मळ काढून स्वच्छ काचतंतू दिसेपर्यंत तळ घासायचा. हे काम कंटाळवाणे असते आणि घाई नेमकी इथेच होते. न घासलेल्या पृष्ठावर बसवलेला नवा थर पुढे सोलून निघतो.

नवे वासे आणि सांधे

प्लायवूड भारतीय मानक ७१० चे, म्हणजे मरीन दर्जाचे हवे. स्ट्रिंगर तळावर नुसता टेकवला तर त्याची टोकदार कड कवचावर भार एकवटते आणि तिथे चीर पडते. त्यामुळे तो रेझिनच्या लगद्यावर बसवून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांना त्याच लगद्याची गोलाई देतात, कारण काचतंतू काटकोनात नीट वळत नाहीत. मग मॅटच्या पट्ट्या चढवायच्या: पहिली दोन्ही अंगांना ५० मिलिमीटर पसरणारी, दुसरी ७५, तिसरी १००. कडा अशा पायरीपायरीने संपल्या की भार हळूहळू पसरतो. फ्लोअर बसवण्यापूर्वी त्याची खालची बाजू आणि सर्व कडा रेझिनने बंद केल्या पाहिजेत. वरून सुंदर आणि खालून कोरे प्लायवूड, ही स्वस्त दुरुस्तीची हमखास खूण. पाणी मागे वाहून जाण्यासाठी वाशांत ठेवलेली भोकेही आतून लिंपावी लागतात. प्रत्येक स्क्रूसाठी आधी मोठे भोक पाडून ते इपॉक्सी रेझिनने भरायचे आणि त्या भरावात लहान भोक पाडायचे, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही.

रेझिन कोणते

पॉलिएस्टर स्वस्त असते आणि लवकर पक्के होते. पण जुन्या थराला आणि लाकडाला त्याची पकड मध्यम. इपॉक्सी महाग, पकड उत्तम. क्रम मात्र पाळावा लागतो: जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालते, पक्क्या इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा भरवसा नाही. बाजारातील नेहमीची तुटक तंतूंची मॅट पॉलिएस्टरमधील स्टायरीनने मऊ होते. इपॉक्सीत ती अनेकदा ताठच राहते, तिथे विणलेले कापड वापरावे.

काळ आणि काळजी

कोल्हापुरात या कामाला मार्च ते मे हाच काळ. पावसाळी दमटपणात लाकूड वाळत नाही आणि रेझिन चिकट राहते. उन्हाळ्यात उलट अडचण: हार्डनर घातलेले रेझिन डब्यातच तापून गोठते, म्हणून थोडे थोडे कालवून पसरट भांड्यात ठेवावे. पॉलिएस्टरचा हार्डनर डोळ्याला इजा करतो, आणि कोबाल्ट ॲक्सिलरेटरशी त्याचा थेट संबंध आला तर स्फोट होऊ शकतो. दोन्ही एकाच वेळी ओतायचे नसतात. काचेच्या धुळीसाठी साधा रुमाल पुरत नाही, मास्क हवा.

फोम आणि वजन

फ्लोअरखालील तरंगता फोम जुना झाला की पाणी धरतो. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, म्हणजे एका प्रवाशाहून अधिक वजन बोट न दिसता वाहते. ओला फोम वाळवत बसण्यात अर्थ नाही. तो काढून बंद पेशींचा नवा भरावा.

दुरुस्तीच्या मर्यादा

कवचच तडकलेले असेल, थर एकमेकांपासून सुटले असतील किंवा तळाचा आकार बदलला असेल, तर बोट निकालात काढणे बरे. पक्क्या सांगाड्याने क्षमताही वाढत नाही. ती आकारमानावर ठरते, आणि जादा लाकूड व मॅट उलट तिच्यातूनच वजा होतात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचा जीव गेला. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. म्हणून दुरुस्त बोट पावसाळ्यापूर्वी स्थिर पाण्यात उतरवून, ठरलेल्या क्षमतेइतकी वाळूची पोती भरून पाहावी. परत ठेवताना नाळ, म्हणजे पुढचे टोक, उंच, बूच काढलेले आणि ताडपत्रीखाली वारा खेळेल एवढी जागा असावी. प्रवाशांचा आकडा दोन्ही अंगांना ठळक रंगवणे हे या दुरुस्तीतील शेवटचे काम, आणि त्याला रंगाचा एक लहान डबा पुरतो.