एक आराखडा, अनेक हात

चेन्नईच्या टी. नगरात मांबलम रेल्वे स्थानक आणि बसस्थानक यांना जोडणारा सुमारे ५७० मीटर लांबीचा स्कायवॉक मे २०२३ मध्ये खुला झाला. अशा बांधकामाचा आराखडा एकट्याच्या हातून पुरा होत नाही. खांबांचे गणित एक अभियंता करतो, जिने व उद्वाहक यांच्या जागा दुसरा ठरवितो, दिव्यांच्या तारा तिसरा आखतो. समजा, दुसऱ्याने जिना दोन मीटर सरकविला. पहिल्याने मात्र कालचेच चित्र समोर ठेवून खांबाचे स्थान नक्की केले. दोघांचेही गणित बिनचूक असूनही खांब जिन्याच्या वाटेत येईल. हा दोष गणिताचा नव्हे, आवृत्तीचा होय.

कागदाच्या काळी मूळ चित्र एकच असे व त्यावरून निळ्या छापाच्या प्रती काढीत. प्रत्येक फेरफाराचा क्रमांक, तारीख व सही चित्राच्या कोपऱ्यातील कोष्टकात नोंदविली जाई. संगणकावर प्रत काढण्यास काहीच श्रम पडत नाहीत. त्यामुळे ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘अगदी अंतिम’ अशा फायली साठत जातात आणि खरी कोणती ते कळेनासे होते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला कुलपाचा: एकाने फाइल हाती घेतली की इतरांस ती केवळ पाहता येते, बदलता येत नाही. हा उपाय सुरक्षित, परंतु संथ आहे. दुसरा संगमाचा: सर्वांनी एकाच वेळी काम करावे व मागाहून प्रती जुळवाव्या. येथे एक प्रश्न उद्भवतो. एका प्रतीत दिवा आहे, दुसरीत नाही. तो पहिल्याने वाढविला की दुसऱ्याने काढला? केवळ दोन प्रती पाहून हे सांगता येत नाही. दोघींची सामाईक पूर्वज प्रत जपलेली असेल, तरच उत्तर मिळते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांपुढे हाच प्रश्न होता. पण तेथे पूर्वज प्रत लुप्त झालेली होती. असंख्य हस्तलिखिते ताडून तिच्या जवळचा पाठ अनुमानाने शोधावा लागला. संगणकात ती प्रत आरंभापासूनच राखून ठेवता येते.

तथापि संगम झाला म्हणजे आराखडा निर्दोष झाला असे नव्हे. एकाच वस्तूत दोघांनी वेगवेगळा बदल केला, तर यंत्र तो विरोध दाखवून निर्णय माणसांवर सोपविते. आपल्या उदाहरणात मात्र खांब व जिना या वस्तू भिन्न आहेत. म्हणून संगम निर्वेध पार पडेल आणि चूक तशीच राहील. ती पकडण्यासाठी सर्व भाग एकत्र ठेवून कोठे टक्कर होते ते निराळे तपासावे लागते.

हयगयीची किंमत मोठी असते. एअरबस ए-३८० विमानात शेकडो किलोमीटर तारा आहेत. जर्मनीतील अभिकल्पक आज्ञावलीची चौथी आवृत्ती वापरीत, तर फ्रान्समधील पाचवी. जोडणीच्या वेळी तारांचे जुडगे आखूड पडू लागले, आणि २००६ साली विमाने देण्यास मोठा विलंब होणार असल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले.

म्हणूनच २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १९६५० या मानकाने बांधकामाच्या माहितीच्या चार अवस्था मानल्या आहेत: चालू काम, इतरांस दिलेले, प्रसृत आणि संग्रहित. हातातील चित्र यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे हे ज्यास सांगता येत नाही, त्याने त्यावरून बांधकामास हात घालू नये.