घरी शिकायचं तर पुस्तक कोणतं धरायचं?

मी तुमच्या बचतगटांची समन्वयक ताई, आज जरा वेगळ्या हिशोबाचं बोलणार आहे.

मागच्या महिन्यात मुखेड तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही मिटली, बाया उठल्या. एकजण मात्र बसूनच राहिली. म्हणाली, "ताई, पोरगी सातवीत होती तवा तिला संगं कोयत्यावर नेलं. तिथून शाळा सुटली ती सुटलीच. आता तिला पंधरा सरलंय. बारक्या पोरींत बसायला लाजते, पण घरी बसून शिकते म्हणते. तिला कोणती पुस्तकं आणू?"

प्रश्न साधा वाटतो, पण पुस्तक ही नंतरची गोष्ट आहे. आधी विचारायचं, पोरगी परीक्षा कोणत्या मंडळाची देणार? प्रत्येक मंडळाची पुस्तकं वेगळी, परीक्षेचे महिने वेगळे, नियम वेगळे. परीक्षा ठरली की पुस्तक आपोआप ठरतं.

त्याच्याही आधी वय बघा. लेकरू चौदाच्या आत असेल तर घरचा अभ्यासक्रम शोधू नका, त्याला शाळेत घाला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या लेकराला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो आणि मागं राहिलेलं भरून काढायला शाळेनं वेगळं शिकवायचं असतं. टीसी नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. ऊसतोडीला जाणार असाल तर निघायच्या आधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत लेकराला बसता येतं. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होते का, तेही शाळा व्यवस्थापन समितीला विचारा. मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाची चौकशी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात करा.

पुण्या-मुंबईत काही आईबाप हौसेनं लेकरांना घरी शिकवतात. तिथं आई शिकलेली असते, हाताशी वेळ आणि पैसा असतो. आपल्याकडं "घरी शिकते" म्हणजे बऱ्याचदा भांडी, धुणं, धाकटा भाऊ सांभाळणं आणि मग एक दिवस पाहुणे बघायला येणं. म्हणून स्पष्ट सांगते, शाळा सोडवायचं निमित्त म्हणून हा रस्ता धरू नका. ज्यांची शाळा सुटून गेली आहे, त्यांच्यासाठी तो आहे.

आता तीन वाटा सांगते.

पहिली, सतरा नंबरचा फॉर्म. आपल्या राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून द्यायची. किमान पाचवी पास आणि वय १४ पूर्ण लागतं. पुस्तकं शाळेतलीच, बालभारतीची. ती मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात आणि गावातल्या दहावी झालेल्या पोरींकडं जुनी मिळतात. फॉर्म ऑनलाईन भरायचा, पण जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं तिथंच होतात. नांदेड, लातूर आणि धाराशिव हे तिन्ही जिल्हे लातूर विभागीय मंडळात येतात.

दुसरी, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. इथं पाचवी आणि आठवीचीही परीक्षा देता येते. पाचवीला वय १० पूर्ण, आठवीला १३ पूर्ण लागतं. जी कधी शाळेतच गेली नाही, किंवा जिला एकदम दहावी झेपणार नाही, तिच्यासाठी ही पायरी चांगली. आयटीआयचे काही ट्रेड आठवीवरही मिळतात.

तिसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. हे १९८९ पासून आहे आणि केंद्र सरकारचं आहे. दहावीला वय १४ पूर्ण लागतं. पाच विषय निवडायचे, त्यात एक भाषा हवीच. गणित जड जात असेल तर गृहविज्ञानासारखा विषय घेता येतो. नोंदणी पाच वर्षं चालते, म्हणून एकेक-दोनदोन विषय सोडवता येतात. मराठी माध्यम आहे, तरी आपण घेतलेल्या विषयाचं पुस्तक मराठीत मिळतं का आणि केंद्र किती लांब आहे, हे आधी बघून घ्या.

आता आपल्या कामाची गोष्ट. राज्य मंडळाची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तेव्हा आपली माणसं फडात असतात. एनआयओएसची परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. म्हणून सतरा नंबर धरला तर त्या दोन महिन्यांत पोरगी आजीजवळ, मावशीजवळ गावातच राहील, हे घरात आधी ठरवा. ते जमत नसेल तर कोयत्यावरून परतल्यावरची परीक्षा बरी.

आणखी एक बघा. पुढं पोरीला काय करायचंय? अकरावीला विज्ञान घ्यायचं असेल तर गणित-विज्ञान सोडून चालणार नाही. अंगणवाडीत लागायचं म्हणाल तर आता बारावी लागते. सोपे विषय घेतल्यानं पुढचं दार बंद होत नाही ना, हे निवडतानाच विचारा.

आता घरचीच गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या वन्सं नववीनंतर घरी बसल्या होत्या. एका शहरातल्या एजंटानं "घरबसल्या दहावी पास" म्हणून आठ हजार घेतले. कागद आला, त्यावर मोठा शिक्का, गुणही भरघोस. आयटीआयचा फॉर्म भरायला गेलो तर तिथं सांगितलं, हे मंडळ मान्यताप्राप्तच नाही. पैसा गेला, वर्ष गेलं. वन्सं आठ दिवस जेवल्या नाहीत धड. पुढच्या पावसाळ्यात मी स्वतः त्यांचा सतरा नंबर भरला. गणितात राहिल्या, पुरवणी परीक्षेत सुटल्या. म्हणून सांगते, जो परीक्षेशिवाय पास करून देतो म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवा. शंका आली तर पैसे द्यायच्या आधी जवळच्या हायस्कुलात किंवा मंडळाच्या कार्यालयात विचारा.

शेवटचं. पोरगी कुठवर पोचली आहे ते बघूनच सुरुवात करा. चौथीचा एक धडा मोठ्यानं वाचायला लावा, भागाकाराचं एक गणित द्या. अडखळली तर रागावू नका, तिथूनच धरा. रोज दोन तास ठरलेले हवेत, आणि त्या दोन तासांत तिला पाण्याला पाठवायचं नाही.

त्या ताईच्या पोरीला आम्ही असंच बसवलं. वाचन चांगलं निघालं, भागाकार येत नव्हता. ठरलं असं की, हे वर्ष पाचवी ते आठवीचं गणित पक्कं करायचं, पुढच्या पावसाळ्यात सतरा नंबर भरायचा आणि परीक्षेला आजीजवळ राहायचं. गटातली एक सून बारावी झालेली आहे, ती संध्याकाळी शिकवते.

तुमच्या येत्या बैठकीत हप्त्यांची वही मिटायच्या आधी एक पान उघडा. गावात शाळा सुटलेल्या पोरी किती, वय काय, कितवीपर्यंत शिकल्या, एवढंच लिहा. शाळेचा दाखला आणि आधार सांभाळून ठेवलंय का, तेही विचारा. पुढचा रस्ता त्या पानावरून दिसेल.