दारू सोडायचीय, पण बैठक कुठली? पहिली जमली नाही तर दुसरी गाठा

गोरेगाव (ता. सेनगाव) : दारू सोडायला माणूस एकदाचा तयार होतो. कुणी सांगितलं म्हणून दारूमुक्तीच्या बैठकीला जाऊन येतो आणि घरी आल्यावर म्हणतो, "आपल्याला ते काही जमलं नाही." आठवड्याभरात बाटली परत हातात. घरच्यांनाही वाटतं, आता काही खरं नाही. पण एक बैठक जमली नाही म्हणजे उपाय फसला असं होत नाही. बैठकी वेगवेगळ्या असतात. आपल्याला जमणारी शोधावी लागते.

या बैठकीत चालतं काय?

सगळ्यात जास्त पसरलेल्या बैठकी 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे 'एए'च्या. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन पिणारे एकमेकांना भेटले. एक शेअर बाजारातला, दुसरा ऑपरेशन करणारा डॉक्टर. एका पिणाऱ्यानं दुसऱ्याशी मोकळं बोललं की दोघांचंही पिणं थांबतं, हे त्यांना कळलं. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे.

इथं फी नाही. आडनाव, जात, धर्म कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा असावी, एवढीच अट. शेवटी डबा फिरतो, ज्याला वाटेल तो पैसे टाकतो. बाहेरची देणगी घेतली जात नाही. बैठकीत प्रार्थना होते, पण देव कुठला मानायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पहिल्या दिवशी बोलायलाच पाहिजे असंही नाही. नुसतं ऐकलं तरी चालतं.

खुली की बंद?

खुल्या बैठकीला घरचं माणूसही बसू शकतं. बंद बैठक फक्त पिणाऱ्यांसाठी असते. पहिल्यांदा बायको किंवा भाऊ सोबत येणार असेल, तर फोनवर आधी विचारून खुल्या बैठकीला जावं.

शोधायची कशी?

* एए इंडियाच्या संकेतस्थळावर बैठकींची माहिती मिळते. हिंगोलीसोबत वाशिम, परभणी, नांदेडही बघा. वार आणि वेळ बदलत असते, म्हणून निघण्याआधी फोन कराच.
* केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६. फोन मोफत आहे. जवळचं केंद्र कुठं, ते विचारता येतं.
* संध्याकाळी परतीची गाडी मिळत नसेल तर मोबाईलवरच्या बैठकीला बसा. मराठीतून होणारी विचारून घ्या. कॅमेरा बंद ठेवला, नुसतं नाव सांगितलं तरी चालतं.

आपल्याला जमते का, हे कसं ओळखायचं?

भाषा समजते का? तिथं वर्षानुवर्षं न पिता राहिलेली दोन-चार माणसं आहेत का? आपल्यासारखी शेतीची, मजुरीची कामं करणारं कुणी भेटतं का? वेळ कोणती? ज्या वेळेला हात बाटलीकडं जायचा, त्याच वेळेची बैठक मिळाली तर फार बरं. बाईमाणसाला पुरुषांत बोलायला अवघड जात असेल, तर बायकांची वेगळी बैठक आहे का ते विचारावं. पाच-सहा वेळा बसून बघितल्याशिवाय 'नाही जमत' म्हणू नये.

'गावात कळलं तर?'

ही भीती खोटी नाही. म्हणूनच बैठकीत कोण आलं, काय बोललं, ते बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे. तरी संकोच वाटला तर दुसऱ्या गावची बैठक धरा.

आधी डॉक्टर, मग बैठक

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली तर हात थरथरतात, झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस भ्रमिष्टासारखा बडबडतो. यात जीव जाऊ शकतो. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे. चहातून, जेवणातून गुपचूप औषध देऊ नका. त्यावर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं.

घरच्यांचं काय?

पिणारा एक, भोगणारं सगळं घर. नातेवाइकांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रात पिणाऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. नवरा बैठकीला जायला तयार नसला, तरी बायको आपल्यापुरती जाऊ शकते.

जवळपास बैठकच नसेल तर?

अ‍ॅक्रनमध्ये तरी सुरुवातीला दोघंच होते. ठरलेला वार, ठरलेली वेळ, शाळेची एखादी खोली आणि दारू सोडू पाहणारी दोन माणसं, एवढ्यावर गट सुरू होतो. तो कसा चालवायचा, हे एएकडं विचारता येतं.

आणि मधेच एखाद्या दिवशी पाय घसरला, तरी तोंड लपवून घरी बसू नये. दुसऱ्या दिवशी परत बैठकीला जावं. तिथं बसलेल्यांपैकी अनेकांचा पाय कधी ना कधी घसरलेला असतो.