गांजा सोडताना होणारा त्रास व त्यावरील औषधे

भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच वनस्पतीपासून मिळतात. पानांची भांग होते, मादी झाडाच्या राळयुक्त फुलोऱ्याचा गांजा होतो आणि ती राळ वेगळी काढली की तिला चरस म्हणतात. अफू सुटताना मनुष्य तळमळतो आणि दारू सुटताना त्याला कंप सुटतो, हे आपल्याकडे खेडोपाडी ठाऊक आहे. गांजा मात्र मनात आणले की सुटतो, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. वैद्यकशास्त्रही या समजुतीपासून अलिप्त नव्हते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात या त्रासाला स्वतंत्र स्थान दिले, ते २०१३ साली. या लक्षणसमूहास येथे ‘त्यागलक्षणे’ असे म्हटले आहे.

रोज व दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्याने तो एकाएकी बंद केला, म्हणजे एक ते तीन दिवसांत त्याची वृत्ती चिडखोर होते. अन्नावर वासना राहत नाही. हातपाय अस्वस्थ होतात, घाम येतो, डोके दुखते. झोप लागत नाही आणि लागलीच तर विलक्षण स्पष्ट स्वप्ने पडून ती मोडते. पहिल्या आठवड्यात हा त्रास शिगेला पोचतो व दोनतीन आठवड्यांत ओसरतो. निद्रानाश मात्र त्याहूनही अधिक काळ टिकू शकतो. या लक्षणांनी सहसा जीवाला धोका नसतो. परंतु याच दिवसांत निश्चय मोडतो. एक झुरका घेताच सर्व तक्रारी शमतात, हे त्या मनुष्याला अनुभवाने ठाऊक असते. घरची मंडळी त्याच्या चिडखोरपणाला स्वभावदोष समजतात आणि तोही तसेच समजू लागतो.

वस्तुतः याचे कारण मेंदूत आहे. गांजातील मादक द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, हे गाओनी व मेशुलाम या इस्रायली रसायनज्ञांनी १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९८८ मध्ये, हे द्रव्य ज्यांना जाऊन चिकटते असे ग्राही मेंदूत आढळले. मग शरीर स्वतःच तसे काही निर्माण करीत असले पाहिजे, असा तर्क निघाला आणि १९९२ साली तो खरा ठरला. त्या अंतर्गत द्रव्याला ‘आनंदामाइड’ हे नाव मिळाले ते संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून. जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत आपला शब्द असा नांदावा, हे पाहून भाषेच्या अभ्यासकास संतोष वाटल्यावाचून राहत नाही.

बाहेरून रोज गांजा मिळू लागला की मेंदू आपल्या ग्राहींची संख्या कमी करतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, नित्य ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्य थरात हे ग्राही सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. सुमारे चार आठवड्यांच्या त्यागानंतर बहुतेक भागांत ते पूर्ववत झाले. त्यागलक्षणांचा काळ हा या दुरुस्तीचाच काळ होय.

ही दुरुस्ती सुसह्य व्हावी, एवढेच औषधांकडून अपेक्षित आहे. प्रारंभी अन्य विकारांवरील औषधे वापरून पाहण्यात आली. धूम्रपान सोडण्यास साहाय्यक ठरणाऱ्या ब्युप्रोपिऑनने अस्वस्थता उलट वाढली. अपस्मारावरील डायव्हॅलप्रोएक्सचाही अनुभव प्रतिकूल आला. मिर्टाझापीनने झोप व भूक सुधारली, तथापि पुन्हा गांजाकडे वळणे थांबले नाही. झोपेच्या गोळ्यांनी रात्र निभावते, परंतु त्यांतील काहींचीच सवय जडण्याचे भय असते. एक व्यसन सोडताना दुसरे पदरात घेण्यात शहाणपण नाही.

अधिक आशादायक ठरला तो वेगळाच मार्ग: तेच द्रव्य मोजक्या मात्रेत, धुराविना, तोंडावाटे द्यावयाचे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १५६ जणांपैकी काहींना कृत्रिम टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल देण्यात आले. त्यांचा त्रास कमी झाला आणि उपचारात ते अधिक काळ टिकले. परंतु गांजा सोडणाऱ्यांचे प्रमाण काही वाढले नाही. ऑस्ट्रेलियात तोंडात फवारण्याच्या औषधाचा असाच प्रयोग सहा दिवस झाला, त्याचेही फळ तेवढेच. पुढे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तेथेच १२८ जणांना बारा आठवडे हा फवारा किंवा त्यासारखाच दिसणारा निर्गुण फवारा देण्यात आला आणि सर्वांनाच समुपदेशनाची जोड देण्यात आली. खरे औषध मिळालेल्यांनी त्या अवधीत सरासरी ३५ दिवस गांजा घेतला, इतरांनी ५३ दिवस. भेद लहान नाही. पण ३५ दिवस म्हणजे मुक्ती नव्हे, हेही उघड आहे.

यासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अद्याप एकही औषध मान्य केलेले नाही. आपल्याकडे नकळत अन्नात मिसळून देण्याच्या ज्या ‘व्यसनमुक्ती’ पुड्यांच्या जाहिराती दिसतात, त्यांचे मोल यावरूनच ठरवावे. जाणता वैद्य आज देतो ती लक्षणांपुरती औषधे, थोड्या दिवसांपुरती, आणि त्यासोबत नियमित भेटी. कोणत्या दिवशी काय होईल हे आधी सांगून ठेवले, तर चौथ्या रात्रीचा निद्रानाश दुरुस्तीचे चिन्ह म्हणून सोसता येतो. भास होऊ लागले, किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे ७२ लाख लोकांना या व्यसनासाठी साहाय्याची गरज आहे. केंद्र शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर मिळते. व्यसनी मनुष्याप्रमाणे त्याच्या घरच्यांनाही तेथे विचारणा करता येते.