गार्नी

आर्मेनियाच्या कोटाय्क प्रांतातील एक डोंगराळ गाव व इतिहासप्रसिद्ध प्राचीन दुर्गस्थान. हे येरेव्हानच्या पूर्वेस सु. २८ किमी.वर, आझात नदीच्या खोल घळईच्या काठी, समुद्रसपाटीपासून सु. १,४०० मी. उंचीवर वसले आहे. घळईच्या भिंतींत बेसाल्टचे षट्‌कोनी स्तंभ उभे असून लाव्हारस थिजताना आकुंचन पावून ते निर्माण झाले. ऊरार्तूचा राजा पहिला आर्गिश्ती (इ. स. पू. आठवे शतक) याच्या शिलालेखात हा प्रदेश जिंकल्याचा उल्लेख आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही येथील किल्ल्याचा व त्यातील रोमन शिबंदीचा निर्देश केला आहे. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय, लोखंडी पट्ट्या व शिसे यांनी सांधलेले आहेत.

सुळक्याच्या टोकाशी आयोनिक शैलीतील २४ स्तंभांचे मंदिर आहे. १९४५ मध्ये सापडलेल्या ग्रीक लेखात राजा तिरिदातीझचे अकरावे राज्यवर्ष येते. हा राजा पहिला तिरिदातीझ मानून मंदिराचा काळ सामान्यतः इ. स. ७७ ठरवितात; तथापि लेखात मंदिराचा स्पष्ट उल्लेख नाही. त्यामुळे ही वास्तू सूर्यमंदिर नसून दुसऱ्या शतकातील एखाद्या राजाची समाधी असावी, असेही एक मत आहे. ते सहज डावलण्यासारखे नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर जुनी देवस्थाने पाडण्यात आली. ही वास्तू मात्र बचावली. राजभगिनीचे उन्हाळी निवासस्थान म्हणून ती राखली गेली असावी. शेजारी सातव्या शतकात वर्तुळाकार चर्च उभे राहिले. त्याचा आता पायाच उरला आहे.

जवळच्या स्नानगृहात जमिनीखालून उष्ण हवा खेळविण्याची सोय होती. तेथील रंगीत दगडी कुट्टिमचित्रात सागरदेवता असून, ‘आम्ही काही न घेता काम केले’ अशा आशयाचा ग्रीक मजकूर आहे. ही कारागिरांची तक्रार की सेवेचा अभिमान, याविषयी एकमत नाही. राजांच्या लेखांपेक्षा ही ओळ अधिक बोलकी वाटते.

१६७९ च्या भूकंपात मंदिर कोसळले. अलेक्झांडर साहिन्यान या वास्तुशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली १९६९–७५ दरम्यान विखुरलेले मूळ चिरे जुळवून ते पुन्हा उभारण्यात आले. उणे पडलेले दगड मुद्दाम नक्षीविना बसविले असल्याने जुने-नवे सहज ओळखू येते. येथील जतनकार्यास २०११ मध्ये युनेस्कोचे मेलिना मर्कूरी पारितोषिक मिळाले.

गावाच्या वरच्या अंगास त्याच खोऱ्यात गेघार्दचा शैलोत्कीर्ण मठ असून जागतिक वारसा यादीत त्याचा २००० मध्ये समावेश झाला. गावात फळबागा असून पर्यटकांसाठी जमिनीत पुरलेल्या मातीच्या भट्टीत ‘लवाश’ ही पातळ रोटी भाजतात.