बोटभर स्वेटर, पडद्यावरचे

प्रमाण : बाहुलीघरांच्या दुनियेत १:१२ हे माप रूढ आहे. खरा एक फूट म्हणजे तिथला एक इंच. मोठ्या माणसाचा २४ इंची स्वेटर २ इंचांत बसवायचा. हाताच्या साध्या विणीत इंचाला ५-६ टाके येतात. छोट्या स्वेटरची वीण तशीच दिसायला हवी, तर इंचाला ६० ते ७२ टाके लागतात.

सुया : अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या चिमुकले कपडे विणणाऱ्या अल्थिया क्रोम यांचे काही नमुने इंचाला ८० टाक्यांच्याही पुढे जातात. त्यासाठी त्या बारीक पोलादी तारेच्या सुया स्वतःच तयार करतात. लोकरीऐवजी बऱ्याचदा रेशमी धागा वापरतात.

सिनेमात : हेन्री सेलिक यांच्या ‘कोरलाइन’ (२००९) या बाहुल्यांच्या स्टॉप-मोशन चित्रपटातल्या नायिकेचा चांदण्यांचा स्वेटर क्रोम यांनीच विणला. क्लोजअपमध्ये टाका न् टाका मोठ्या पडद्यावर दिसतो. जाडीभरडी वीण तिथे लगेच उघडी पडते.

चाहत्यांचा लाडका : ‘हॅरी पॉटर’मधल्या मॉली वीझ्ली (हॅरीचा मित्र रॉन याची आई) नाताळला विणून देतात तो स्वेटर. पहिल्या चित्रपटात (२००१) हॅरीच्या छातीवर ‘एच’, रॉनच्या ‘आर’. चाहते त्याची तळहाताएवढी आवृत्ती विणून ख्रिसमस ट्रीला टांगतात.

करून बघायचाय? २ मिमीच्या सुया आणि मोज्यांची बारीक लोकर घ्या. गळ्यापासून खाली गोल विणत या, म्हणजे शिवणी लागत नाहीत. अक्षर मात्र शेवटी, बोथट सुईने सुलट टाक्यांवरून भरा. चुकलं तर तेवढंच उसवता येतं.